पाणीप्रश्न : गावाचा ठराव आणि वरचा आदेश

प्रश्न : आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. नळयोजना एका विहिरीवर चालते. यंदा पावसाने ओढ दिली, म्हणून ग्रामसभेत नवीन बोअर आणि उसाची लागण थांबवण्याचा ठराव मांडला. एका गटाने तो उचलून धरला. दुसरा गट म्हणतो, हा अधिकार सरकारचा, आदेश येईल तेव्हा बघू. त्यातच गेल्या उन्हाळ्यात योजनेच्या विहिरीजवळच्या शेतकऱ्यांना उपसाबंदीच्या नोटिसा आल्या होत्या, तो राग अजून गेलेला नाही. सरपंच म्हणून मी काय भूमिका घ्यावी?

उत्तर : ताई, पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. ‘आदेश येईल तेव्हा बघू’ हे वाक्य मी अनेक ग्रामसभांत ऐकलंय आणि त्याने गावांचं फार नुकसान केलंय.

वरचे नियम आहेत, हे खरं. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला 1993 च्या भूजल कायद्यानेच मनाई केली. टंचाई जाहीर झाली की एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींचा उपसा प्रशासन रोखू शकतं. 1993 च्या कायद्याची जागा घेणारा 2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून लागू झाला. त्यातही या तरतुदी आहेत, शिवाय सरकारने जाहीर केलेल्या अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी आहे.

पण आदेश येतो कधी? विहिरीचा तळ दिसू लागल्यावर. तोवर उसाला लागण, खत, मजुरी असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो, बागेने फळ धरलेलं असतं, आणि मग हातात नोटीस पडते. त्या शेतकऱ्यांचा राग मला खोटा वाटत नाही. लागणीच्या वेळी त्यांना कोणीच काही सांगितलं नव्हतं. ते सांगणं गावाचं काम होतं, आणि ते ऑक्टोबरातच करता येतं.

म्हणून आधी मोजमाप करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. तुमच्या भागातल्या विहिरीची नोंद मागवून घ्या. मग दोन्ही गटांची माणसं घेऊन योजनेच्या विहिरीवर जा. काठावरून टेप सोडून पाणी किती खाली आहे ते सगळ्यांसमोर वाचा. मोटर लावून विहीर उपसा आणि पुन्हा त्याच पातळीला यायला किती तास लागतात ते घड्याळ लावून बघा. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच करा. झरे मंदावले की तास वाढतात. ते स्वतः पाहिलेला माणूस ग्रामसभेत वेगळं बोलतो, हा माझा अनुभव आहे.

हिशेब पिण्याच्या पाण्यापासून सुरू करा. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा, म्हणजे 2,000 वस्तीला रोज 1 लाख 10 हजार लिटर. जनावरांचं वेगळं. टँकरवर आलात की माणशी 20 लिटर धरतात. हे दोन आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. पिण्यासाठी किती राखायचं ते तिथे ठरू द्या, कारण हंडे त्याच वाहतात.

उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं निघतील, हे मग ग्रामसभेने ठरवावं. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने हेच केलं. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावरून पिकं ठरवायची. बोअरच्या पाण्यावर शेती नाही, ऊस-केळी नाही. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नाही तर माणसांवर ठरला, भूमिहीनांनाही मिळाला, आणि उसाला नाही म्हटलं. यातलं काहीही वरून आलेल्या आदेशाने झालेलं नाही.

आता ठरावाची ताकद कुठवर, तेही बघा. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचं पाणी आणि जलव्यवस्थापन हे पंचायतीचे विषय आहेत, पण प्रत्यक्ष अधिकार राज्याच्या कायद्यातून येतात. ठराव कायद्यापेक्षा सैल असून चालत नाही. 500 मीटरच्या आतल्या बोअरला ग्रामसभेने हात वर करून संमती दिली, तरी ती टिकणार नाही. कडक ठराव जरूर घ्या, मात्र कायद्यापलीकडचा ठराव न ऐकणाऱ्याची मोटर गावाला स्वतःहून बंद करता येत नाही. आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा मालकाचा हक्क 1882 च्या ईझमेंट (सुविधाधिकार) कायद्यापासून चालत आलाय. म्हणून बहुमताच्या जोरावर ठराव रेटू नका. उसावर सरसकट बंदीऐवजी यंदा नवी लागण नको, असा एका हंगामापुरता ठराव घ्या. त्याला विरोधक तयार होण्याची शक्यता जास्त.

माझी तक्रार वरच्यांबद्दलही आहे. टंचाई कृती आराखड्यात विंधन विहिरी, नळयोजना दुरुस्ती, विहीर अधिग्रहण, टँकर असे सगळे पाणी मिळवण्याचे उपाय. उपसा कमी करणाऱ्या गावाला त्यात स्थान नाही, हे चुकीचं आहे आणि बदललं पाहिजे. तरीही जानेवारी ते मार्चचा आराखडा ठरण्याआधी ठरावाची प्रत मोजमापासह तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या.

आणि नोटिसा आलेल्या शेतकऱ्यांना सभेआधी घरी जाऊन भेटा. उन्हाळ्यात त्यांची विहीर गावासाठी लागली तर अधिग्रहणाचा मोबदला मिळतो. कुणाची विहीर, कोणत्या महिन्यापासून, हे त्यांच्याशी आत्ताच बोलून ठरवा, म्हणजे रब्बीचं पेरायचं की नाही ते त्यांना वेळेत कळेल.