रात्री दोन वाजता बूट कोण काढतं?

"ताई, रात्रभर रडतंय. थोडा वेळ बूट काढले तर चालेल ना?"

जन्मतः वाकडं पाऊल असलेल्या, ते सरळ राहावं म्हणून दांडीचे बूट दिलेल्या बाळांचे आईबाप माझ्याकडे आले की हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच. कधी आजी विचारते, कधी बाप. मी समुपदेशक आहे, जळगावात बसते. चोपडा, यावल, अमळनेर, कधी पार शहाद्याकडूनही घरं येतात. हाडांचे एक डॉक्टर मला म्हणतात, "प्लास्टर मी बघतो, घराचं तुम्ही बघा." हे वाक्य मला आवडतं, लपवत नाही.

नव्यांसाठी थोडक्यात. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाचं पाऊल आत आणि खाली वळलेलं असतं. निम्म्या बाळांची दोन्ही पावलं तशी असतात, आणि मुलग्यांत हे मुलींपेक्षा दुपटीने दिसतं. डॉक्टर क्लबफूट म्हणतात, फाईलवर सीटीईव्ही लिहितात. पूर्वी याच्यासाठी मोठी ऑपरेशनं व्हायची. आता जगभर डॉ. इग्नासियो पोन्सेटी (१९१४–२००९) यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बसवलेली पद्धत चालते. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं सरळ करून प्लास्टर, अशी पाच-सहा प्लास्टरं. मग बहुतेक बाळांची टाचेमागची नस (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) छोट्या छेदाने सोडवतात आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर घालतात. प्लास्टर निघतं, पाऊल सरळ दिसतं, घरात पेढे येतात.

पेढे जरा लवकर येतात. कारण त्याच दिवशी हातात पडतात दोन बूट आणि त्यांना जोडणारी दांडी. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, आंघोळीचा तेवढा तास सोडून. त्यानंतर झोपेत, रात्र आणि दुपार मिळून १२ ते १४ तास, मूल चार वर्षांचं होईपर्यंत. आयोवाच्या अनुभवात बूट नीट वापरणाऱ्या घरांत पाऊल पुन्हा वळण्याचं प्रमाण शंभरात सहाच्या आसपास होतं. न वापरणाऱ्यांत ऐंशीच्या वर. हा आकडा मी सगळ्यांना सांगते. आणि आकडा ऐकून कोणी बूट घालत नाही, हेही मला माहीत आहे.

ज्या घराबद्दल लिहितेय ते चोपडा तालुक्यातलं. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत. बाप केळीच्या गाड्या भरायला जातो, बऱ्याचदा रात्री. घरात सासू, सासरे, एक नणंद. बाळ फेब्रुवारी २०२३ मधलं, दोन्ही पावलं वाकडी. प्लास्टरं एकही न चुकवता झाली, नसही सोडवली. बूट मिळाले ते एप्रिलात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर. आखाजीला सून माहेरी गेली. माहेरच्या बायका झोक्यावर, गाण्यांत. आणि हिच्या मांडीवर दांडी लावलेलं, घामाने भिजलेलं, रडणारं बाळ. "सणापुरते काढ गं," असं कोणीतरी म्हणालं. सण संपला, बूट पेटीतच राहिले. ती सासरी परतली तेव्हा ऊन एवढं, की सगळं घर रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायला. बूट घातले की बाळ रडायचं, रडलं की निघायचे. जूनमध्ये पावलं पुन्हा आत वळलेली दिसली. पुन्हा प्लास्टरं लागली. डॉक्टरांनी या वेळी चिठ्ठी माझ्या नावाने दिली.

मी आईला एकटीला बसवून बोलत नाही. माझी सगळी शिकवण घराकडे बघण्याची आहे. माणूस अडतो तो घरात, सुटतो तोही घरात. काही सहकाऱ्यांना हे जुनाट वाटतं. वाटो. मी निरोप दिला, सगळे या.

सगळे आले. पहिल्या भेटीत सून बोललीच नाही. सासूबाई अहिराणीत बोलत होत्या. "पोऱ्या रडस, माले सहन व्हत नही." नवरा मोबाइलकडे बघत होता. सासरे म्हणाले, "आमच्याकडे असलं कधी कुणाला नव्हतं." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, की ते आलं की मी फक्त सुनेचा चेहरा बघते. तिने बाळाचं टोपरं सारखं केलं, तेवढंच.

पुढच्या भेटीत तिने तोंड उघडलं. "दिवाळीचं ग्रहण होतं ना ताई. मी विळीवर भाजी चिरली होती."

आठवत असेल, २५ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. त्या वर्षीच्या गरोदर बायकांनी ते फार भोगलं. कोणी दिवसभर अंथरुणावर सरळ पडून, कोणी पाणीसुद्धा न पिता. मी तिला विचारलं, "त्या संध्याकाळी आपल्या जिल्ह्यात किती बायका पोटुशी असतील? त्यातल्या किती जणींनी काहीतरी कापलं, शिवलं असेल? सगळ्यांची बाळं अशी झाली का?" ती म्हणाली, "दुसऱ्यांचं मला काय माहीत."

खरं होतं. वादात अपराधीपणाची भावना हरत नाही. म्हणून मी फाईल मागितली. पिशवीतून सगळे कागद निघाले आणि त्यात पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होती. अठरा ते वीस आठवड्यांच्या तपासणीत पुष्कळदा वळलेलं पाऊल दिसतं; इथेही दिसलं होतं. इंग्रजीत एक ओळ होती, कोणी समजावून सांगितली नव्हती. मी तिला ओळ दाखवली, अर्थ सांगितला आणि म्हटलं, "आता वरची तारीख तू वाच."

तिने वाचली. सप्टेंबरची होती. ग्रहणाच्या जवळजवळ महिनाभर आधीची.

खोलीत कोणी बोलेना. नणंदेने कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. मला वाटलं, सुटलं. पण सून म्हणाली, "मग त्याच्या आधी काहीतरी केलं असेल मी."

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुरावा दाखवला की गैरसमज जातो असं शिकलेल्या लोकांना फार वाटतं. एक दार बंद केलं, तिने लगेच दुसरं शोधलं. वाकडं पाऊल का होतं याचं कारण बहुतेक बाळांत नेमकं हाताला लागत नाही. थोडा वाटा अनुवंशाचा असतो. पोटातलं पाऊल आधी नीट वाढत असतं आणि मधल्या महिन्यांत कधीतरी वळतं. आईच्या विळीचा, सुईचा, झोपण्याच्या कुशीचा त्यात भाग नाही. एवढं सांगून मी थांबले. तिला कारण नको होतं, गुन्हेगार हवा होता. आणि घराला तो तिच्यातच सोयीचा पडला होता.

मग मी विषय बदलला आणि अगदी साधा प्रश्न टाकला. "रात्री दोन वाजता बाळ रडलं, तर बूट काढायचे हे कोण ठरवतं?"

सासऱ्यांनी बायकोकडे बघितलं. सासूबाईंनी मुलाकडे. मुलगा म्हणाला, "मी तर गाडीवर असतो." नणंद हसली. सगळ्यांच्या नजरा शेवटी सुनेवर आल्या.

"तू ठरवतेस?"

"नाही."

"मग 'काढ' असं कोण म्हणतं?"

हळूहळू चित्र उलगडलं. 'काढ' असं कोणीच म्हणत नव्हतं. बाळ रडायचं. सासूबाई उसासा टाकायच्या. नवरा घरी असला तर कूस बदलायचा. सासरे खोकायचे. शेजारच्या धाब्यावरून एखादीचा आवाज यायचा, पोराला बेड्या घातल्यात की काय. धाब्यावर झोपणारं गाव; एका घरचं रडं गल्लीभर.

"म्हणजे ठरवतं कोण?" मी पुन्हा विचारलं.

सून बऱ्याच वेळाने म्हणाली, "ठरवत कोणीच नाही ताई. दमल्यावर हात आपोआप जातो."

समुपदेशनाची कित्येक वर्षं मी या वाक्याच्या आसपास घुटमळत होते. ते बोलून दाखवलं या वीस-बावीस वर्षांच्या मुलीने. बूट काढायचा निर्णय घरात कोणी घेतलेलाच नसतो. जो सगळ्यात जास्त दमलेला, त्याच्या हातून तो होऊन जातो, आणि सकाळी दोषही त्याच्याच नावावर लागतो. रडू दिलं तर कसली आई, पाऊल वळलं तर बूट का नाही घातले. दोन्हीकडून तीच. आणि जिला आधीच वाटतंय की हे माझ्यामुळे झालं, ती बाळाचं रडणं शिक्षेसारखं ऐकते. तिच्या हाताला थांबायचं बळ कुठून येणार?

म्हणून माझं सगळ्या घरांना एकच सांगणं असतं. बुटांचा निर्णय दिवसा घ्या, सगळे जागे असताना, पोट भरलेलं असताना. रात्री फक्त तपासा.

तपासायचं काय, तेही त्या घराने त्याच दुपारी ठरवलं. बाळ रडलं की दिवा लावायचा. आधी भूक, लंगोट, ताप, डास, ऊन. मग बोटं बघायची, रंग नेहमीसारखा आहे ना. टाच बुटात खाली टेकली आहे का बघायचं. वर सरकली असेल तर बूट सैल आहे. लोक उलटं करतात. लाल वळ दिसला की पट्टा आणखी सैल करतात, मग पाऊल आत घसरतं आणि फोड येतो. मधला पट्टा आधी आवळायचा, टाच खाली बसवून, मग बाकीचे. लाल जागी तेल किंवा लोशन चोळायचं नाही, कातडी मऊ पडून सोलते. आत पातळ सुती मोजा, आपल्या उन्हात दिवसातून दोनदा बदललेला. फोड आला, बोटं निळसर दिसली किंवा पाऊल पुन्हा पुन्हा निसटत असेल तर बूट फेकून द्यायचे नाहीत, डॉक्टरांकडे घेऊन जायचे. यातलं काहीच नसेल तर ते रडणं बहुधा दुखण्याचं नसतं, अडकल्याचं असतं. त्याला एक पाय वेगळा झाडायचा असतो आणि तो हलत नाही. मग दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, एकदम सरळ करायचे, खेळवत. दोन्ही पाय मिळून मारायचे हे त्याला कळलं की बरीचशी रडारड ओसरते. एका रात्री काढले आणि दुसऱ्या रात्री घातले, तर मात्र रडलं की सुटका होते एवढंच ते शिकतं.

आता कामांची वाटणी. बापाने तोपर्यंत बुटाला हात लावला नव्हता. "मला भीती वाटते, पाय मोडेल," म्हणाला. रोज केळीचे घड खांद्यावर घेऊन ट्रक भरणारा माणूस. डॉक्टरांकडच्या पुढच्या भेटीत त्याने स्वतः बूट चढवायला शिकायचं ठरलं, आणि संध्याकाळची आंघोळ झाली की गाडीवर जाण्याआधी बूट तोच घालणार. दांडीला जुन्या लुगड्याची गुंडाळी सासरे करणार, म्हणजे बाळाच्या लाथेने कोणाचं नाक फुटणार नाही. (हसू नका, फुटतं.) नणंदेकडे मोजे.

सासूबाई गप्प होत्या. मी विचारलं, "शेजारीण बोलली तर उत्तर कोण देणार?" त्यांनी पदर सारखा केला. "मी दिसू. डॉक्टरनी सांगेल शे, म्हणू." (मी देईन. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणेन.) मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, ग्रहणाचं मीच पहिल्यांदा बोलले होते, रागात.

माफी नव्हती ती. खान्देशातल्या सासवा माझ्या टेबलासमोर माफी मागत नाहीत आणि मी मागायला लावत नाही. पण सुनेने त्या क्षणी पहिल्यांदा बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं आणि पाठ टेकून बसली.

पुढची हकीकत लांब नाही. प्लास्टर निघालं, बूट पुन्हा सुरू झाले, पहिले तीन-चार दिवस बाळ खूप रडलं, मग कमी. मधे एक लग्न, एकदा ताप, एकदा बूट लहान झाले. दर वेळी फोन आला, आणि दर वेळी आधी घरात ठरवून मग. मला त्यातच समाधान.

हेच प्रश्न मला नेहमी येतात, म्हणून इथेच सांगून टाकते. एकच पाऊल वाकडं असेल तरी बूट दोन्ही पायांना लागतात, कारण दांडीचा कोन दुसऱ्या पायाशिवाय धरता येत नाही. बिघडलेला पाय ६० ते ७० अंश बाहेर वळवलेला असतो, चांगला ३० ते ४०, त्यामुळे चांगल्या पायाला इजा होत नाही. बूट घालणारी मुलं बसतात, रांगतात, चालतात. थोडा उशीर झाला तरी घाबरू नये. पैशाचं म्हणाल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाकडं पाऊल आहे, तपासणी आणि उपचार मोफत. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईला विचारा. आणि बाळ चालायला लागलं, पाऊल छान दिसतंय, आता रात्रीचे बूट कशाला, हा प्रश्न दीड-दोन वर्षांनी नक्की येणार. पाऊल छान दिसतंय ते बुटांमुळेच. बूट सुटण्याची वेळ डॉक्टर सांगतील, शेजारीण नाही.

अलीकडे त्या सुनेचा फोन आला होता. दुसऱ्या बाळाचा विचार आहे, त्यालाही होईल का? मी म्हटलं, शंभरात साधारण दोन ते पाच. म्हणजे बहुतेक नाही, पण डॉक्टरांना आधी सांग, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत पावलं मुद्दाम बघायला सांग. तिने विचारलं, "कागद इंग्रजीत असला तर?" मी म्हटलं, फोटो पाठव. पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, आधी मोठ्याचे बूट सुटू देत, मग बघू. त्यावरून दोघींत काहीतरी सुरू झालं आणि फोन कट झाला.