वाचकांचे प्रश्न : रेष नकाशावर आहे, खडकात आहे का?

यावेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रं संशोधन करणाऱ्या मुलामुलींची आहेत आणि त्यातल्या एका पत्रावर मी जरा जास्तच लिहिलंय, कारण तो प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत निदान दहा जणांनी तरी विचारलाय.

प्रश्न : ताई, मी पुण्यात जिऑलॉजीत पीएचडी करतेय, दुसरं वर्ष चालू आहे. मुळशी-वेल्हे भागातल्या लिनिअमेंट्स, म्हणजे डोंगरदऱ्यांमधल्या सरळ रेषा, सॅटेलाइटच्या उंचीच्या डेटावरून काढायच्या असा विषय आहे. आतापर्यंत चारशे रेषा काढल्यात. लॅबमधले सीनियर म्हणतात आता फील्डला कोण जातं, सगळं क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये, होतं. फेलोशिप वेळेवर येत नाही, गाडीचा खर्च परवडत नाही. जाऊ का नको? (एक विद्यार्थिनी, कर्वेनगर)

जा. पण जायच्या आधी घरीच एक गोष्ट करून बघ. तू हिलशेड, म्हणजे उंचीच्या डेटावर खोटा उजेड टाकून डोंगरदऱ्यांचं चित्र, केलं असशील ना, त्यात उजेड कुठल्या दिशेने टाकलायस ते बघ. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो आपोआप वायव्येकडून येतो, त्यामुळे ईशान्य-नैऋत्य जाणाऱ्या दऱ्या ठळक उठून दिसतात आणि वायव्य-आग्नेय जाणाऱ्या पुसट होतात. आता उजेड ईशान्येकडून टाक, मग उत्तरेकडून, मग पूर्वेकडून, आणि दरवेळी आधीच्या रेषा बंद ठेवून नव्याने काढ. तुझ्या चारशेतल्या किती रेषा चारही वेळा येतात ते मोज. मला वाटतं तू दचकशील.

हे मी का सांगतेय, तर आपल्या भागातल्या डाईक्सबद्दल, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या पट्ट्यांबद्दल, एक गोष्ट बऱ्यापैकी पक्की माहीत आहे. कोकण किनाऱ्याजवळच्या डाईक मुख्यतः उत्तर-दक्षिण जातात, नर्मदा-तापीकडच्या साधारण पूर्व-पश्चिम, पण नाशिक-पुणे पट्ट्यातल्या डाईकना अशी एक ठरलेली दिशा नाही, त्या सगळीकडे जातात. म्हणजे तुझ्या रोझ डायग्राममध्ये, म्हणजे कुठल्या दिशेला किती रेषा ते दाखवणाऱ्या गोल आलेखात, जर एकच दिशा भाल्यासारखी बाहेर आली असेल तर ती खडकाची आहे का तुझ्या उजेडाची, हा प्रश्न रिव्ह्यूअरने नाही विचारला तरी तू स्वतःला विचारायला हवा. शिवाय कालवा, जुना गाडीरस्ता, हायटेन्शन लाइनखालचा झाडं तोडलेला पट्टा, वनखात्याची हद्द, हे सगळं इमेजमध्ये छान सरळ दिसतं आणि यातलं काहीच फ्रॅक्चर, म्हणजे खडकातली भेग, नसतं.

आणि डाईक ओळखायची तर तिच्यापाशीच जावं लागतं. कुठे ती भिंतीसारखी उभी असते, कुठे उलट आजूबाजूच्या खडकाआधी झिजून तिचा चर झालेला असतो. लाव्हाच्या आडव्या थरात बेसॉल्टचे खांब उभे असतात आणि डाईकमध्ये ते आडवे, लाकडाच्या ओंडक्यांची चळत रचल्यासारखे, कारण खांब थंड होणाऱ्या बाजूला काटकोनात तयार होतात. कडेला हात लावून बघ, भिंग लावून बघ, कडेचा दगड बारीक कणांचा आणि मधला जरा जाड कणांचा मिळेल. तीस मीटरच्या पिक्सेलमध्ये यातलं काही म्हणजे काहीच नाही, कितीतरी डाईक तर तीस मीटर रुंदसुद्धा नसतात.

पैशाचं म्हणशील तर चारशे ठिकाणी जायचंच नाहीये. चाळीस निवड, पण फक्त सोप्या आणि रस्त्यालगतच्या निवडू नकोस, काही अशा घे ज्यांच्याबद्दल तुलाच शंका आहे आणि काही अशा जागा जिथे तुझ्या मते काहीच नाही. डिसेंबरनंतर जा, त्याआधी गवत कमरेएवढं असतं आणि खडक दिसत नाही. स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी आहे, गावात कुणाची तरी मोटारसायकल मिळते, मी माझं निम्मं काम तसंच केलंय. एकटी मात्र जाऊ नकोस. आणि फेलोशिप उशिरा येणं हा तुझा दोष नाही, त्याबद्दल लेखी अर्ज करत राहा, तोंडी बोलण्याचा काही उपयोग होत नाही.

एक गोष्ट माझ्या अनुभवातली, कारण ती मला अजून सलते. एमएस्सीच्या वेळी पानशेतच्या रस्त्याला एका कटिंगमधून मी सॅम्पल घेतलं, जीपीएसचे आकडे लिहिले आणि जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या छापील नकाशावर, टाकले, तर ठिकाण आलं धरणाच्या पाण्यात. अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या ज्या ठरवलेल्या आकारावर मोजतात तो डेटम; जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतं, जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाकारावर आहेत, आणि पुण्याच्या आसपास दोन्हीत साधारण शंभर मीटरचा फरक पडतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझ्या वहीत डेटम लिहिलेलाच नव्हता. पुन्हा खात्री करायला पावसाळ्यानंतर गेले तोवर त्या कटिंगला सिमेंटची भिंत घातली होती. तो खडक आता भिंतीमागे आहे, आणि ते सॅम्पल मी प्रबंधात वापरू शकले नाही.

म्हणून वही. अ‍ॅप वापर, पण वही पण ठेव, आणि पेन्सिलने लिही, पेनाची शाई पहिल्याच सरीत जाते. तारीख, नंबर, अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत म्हणजे साधारण एक मीटरपर्यंत नेमकं, डेटम, फोटो कुठल्या दिशेला तोंड करून काढला, फोटोत हातोडी किंवा पट्टी. रोज संध्याकाळी पानांचे फोटो काढून स्वतःलाच मेल कर. होकायंत्र, मग ते ब्रंटन असो का फोनमधलं, बेसॉल्टला टेकवून रीडिंग घेऊ नकोस. या खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं आणि डोंगरमाथ्यावर वीज पडलेल्या जागी तर खडक इतका चुंबकीय होतो की सुई भलतीकडेच वळते. दोन पावलं मागे ये, समोरून आणि उलट बाजूने दोन्हीकडून दिशा घे, जुळली तर लिही.

प्रश्न : आमचं गाव आंबेगाव तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आहे. माळीणची दरड कोसळली तेव्हा मी बारावीत होतो. आता नासा आणि इस्रोचा नायसार उपग्रह जमीन सेंटिमीटरने हलली तरी सांगतो असं वाचलं, तर आता आम्हाला आधी कळेल का? (एक शिक्षक, घोडेगाव परिसर)

सर, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबले. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये दीडशेच्या वर माणसं गेली, त्यानंतर २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. तुम्हाला गोड वाटेल असं उत्तर देणं मला जमणार नाही, खरं आहे ते सांगते.

नायसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, योगायोगाने माळीणच्याच तारखेला. त्याचं काम असं, की तो रडारची लहर खाली सोडतो, ती परत येते, बारा दिवसांनी त्याच जागेवरून पुन्हा सोडतो, आणि दोन्ही लहरींत फरक पडला असेल तर मधल्या काळात जमीन किती सरकली ते कळतं. आधीपासून युरोपचा सेंटिनेल-१ हेच करतोय, त्याचा डेटा फुकट मिळतो आणि पुण्यातली कितीतरी मुलं त्याच्यावरच काम करतात. पण त्याची लहर साडेपाच सेंटिमीटरची, झाडाच्या पानांवरच अडखळते, आणि सह्याद्रीत पावसाळ्यात पानांशिवाय असतं काय. नायसारची एल-बँड लहर चोवीस सेंटिमीटरची आहे, ती पानांतून बऱ्यापैकी खाली जमिनीपर्यंत पोचते. आमच्यासारख्यांना त्याचा आनंद आहे तो यासाठी.

आता अडचणी. एक म्हणजे बारा दिवस. माळीणसारखी दरड तुफान पावसात काही मिनिटांत येते, मधल्या बहुतेक दिवसांत उपग्रह तुमच्या डोक्यावर नसतो. दुसरं, तो साधारण उत्तर-दक्षिण फिरतो आणि बाजूला बघतो, त्यामुळे उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकणारा उतार त्याला जवळजवळ दिसतच नाही. तिसरं, हवेतल्या बाष्पानेही लहरीला उशीर होतो आणि जुलैतल्या घाटात तो उशीर जमिनीच्या हालचालीसारखाच दिसतो. मग उपयोग काय, तर वर्षानुवर्षं मिलिमीटरने, सेंटिमीटरने हळूहळू सरकणारे उतार आधीच शोधून ठेवायला तो फार मोलाचा आहे, त्या उतारांची यादी झाली की तिथे माणूस पाठवता येतो. आज रात्री गाव सोडायचं का, हे मात्र तो सांगणार नाही.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर दरडप्रवण भागाचे नकाशे केलेत, ते १:५०,००० प्रमाणाचे आहेत. म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर, तुमची अख्खी वाडी त्यात तीन-चार मिलिमीटरची. असा नकाशा तालुक्याचं नियोजन करायला चांगला, पण कुणाच्या घरामागचा ओढा धोक्याचा ते त्यात शोधू नका.

ते गावातल्या माणसालाच दिसतं. वरच्या पठाराच्या कडेला नवी भेग पडली का, विजेचे खांब, झाडं कलली का, कोरड्या जागी अचानक झरा फुटला का, किंवा नेहमीचा झरा गढूळ झाला का, घराची दारं अचानक अडकायला लागली का. भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि मधलं अंतर रोज टेपने मोजून वहीत लिहा. हे काम तुमच्या आठवी-नववीच्या मुलांना करता येईल, पण मोठ्या माणसाला बरोबर घेऊन आणि पाऊस नसताना. शाळेत पर्जन्यमापक नसेल तर एक मागून घ्या. अंतर वाढतंय असं दिसलं तर तहसीलदारांना लेखी कळवा, जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करा, आणि मोठ्या पावसात उत्तराची वाट न बघता माणसं हलवा. मोजमापाची ती वही घेऊन एखादा संशोधक आला तर उपग्रहाच्या डेटाशी ताडून बघायला त्याला सोनं मिळालं असं समजा, कारण आम्हाला सगळ्यात जास्त तुटवडा असतो तो जमिनीवरच्या अशा नोंदींचाच.

प्रश्न : पुरंदरला तीन एकर आहे. भाचा म्हणतो मोबाईलवर पाणी शोधायचं अ‍ॅप आलंय. पाणाड्या नारळ घेऊन आला होता, तो एक जागा दाखवतो, अ‍ॅप दुसरीच. आधीचे दोन बोअर कोरडे गेलेत. काय करू? (एक शेतकरी)

दादा, दोन बोअर कोरडे जाणं म्हणजे किती पैसे मातीत गेले ते मला कळतंय, म्हणून तिसरा घाईत घेऊ नका. मोबाईलमध्ये पाणी ओळखणारं काहीही नसतं. त्यात चुंबकत्व मोजणारा एक छोटा सेन्सर असतो, होकायंत्रासाठी, आणि पाणी चुंबक नाही. अ‍ॅप जो आकडा दाखवतं तो तुमच्या पायाखालच्या दगडाचा नाहीतर खिशातल्या किल्ल्यांचा.

खरी पद्धत रेझिस्टिव्हिटीची. जमिनीत चार सळया ठोकतात, दोनमधून करंट सोडतात आणि मधल्या दोनवर व्होल्टेज मोजतात, बाहेरच्या सळया जितक्या लांब नेल्या तितकं खोलवरचं कळतं. घट्ट काळा पाषाण करंटला अडवतो, ओला मुरूम आणि भेगाळलेला मांजऱ्या खडक जाऊ देतो. पण यातही फसगत आहे. दोन लाव्हाथरांच्या मध्ये लाल मातीचा थर असतो, तोही करंट जाऊ देतो आणि पाणी मात्र देत नाही. म्हणून मशिनवाला कितीही चांगला असला तरी त्याने आजूबाजूच्या विहिरी बघितल्याच पाहिजेत. कुठल्या विहिरीत किती फुटांवर लाल थर लागला, पाझर कुठल्या बाजूने येतो, एप्रिलमध्ये किती पाणी उरतं. आपल्याकडे जमिनीखाली तळं नाही, पाणी आहे ते वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि खडकांच्या भेगांत, थरांच्या सांध्यांत, तेही पावसाने भरलं तेवढंच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे, त्यांच्याकडे निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी असतात, तिथे चौकशी करा. आणि कोरड्या गेलेल्या दोन बोअरना किती फुटांवर कुठला दगड लागला होता, ते ड्रिलिंगवाल्याकडून आठवून आठवून लिहून घ्या, तिसऱ्यासाठी ती माहिती फार कामाची आहे.

प्रश्न : वाघोलीजवळ मुलाला पांढरा चकचकीत दगड सापडला. फोटो टाकला तर एक अ‍ॅप क्वार्ट्झ म्हणतं, दुसरं कॅल्साइट. (एक आई)

फोटोत दोन्ही सारखेच दिसतात हो. चाकूने ओरखडा काढा. सहज ओरखडा पडला तर क्वार्ट्झ नक्की नाही, क्वार्ट्झवर चाकू चालतच नाही. मग ओरखड्याच्या पावडरीवर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकायचा, जोरात फसफसलं तर कॅल्साइट, नाही तर बहुधा झिओलाइट गटातलं एखादं खनिज. अ‍ॅसिड घरी नको, शाळेच्या लॅबमध्ये बाईंसमोर. वाघोलीच्या खाणी निळ्याशार कॅव्हन्साइट खनिजासाठी जगभर माहीत आहेत, पण चालू खाणीत मुलाला मुळीच पाठवू नका.

प्रश्न : मुलगी जिऑलॉजी घेईन म्हणते. मुलीला हे काम झेपेल का, नोकरी असते का? (एक वडील, सातारा रोड)

नोकरी आहे. एमएस्सीनंतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते, त्यातून भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात घेतात. शिवाय बोगदे, धरणं, मेट्रोची कामं आहेत, आणि पायथन येत असेल तर सॅटेलाइट डेटाचं कामही आहे. स्पर्धा मात्र आहे, ते लपवत नाही.

झेपण्याचं म्हणाल तर मी वीस किलो दगड पाठीवर घेऊन घाट उतरलेय आणि माझ्याबरोबरच्या मुलींनीही तेच केलंय. त्रास होतो तो वजनाचा नाही, फील्डला दिवसभर बाथरूम नसतं म्हणून मुली पाणीच पीत नाहीत आणि आजारी पडतात, त्याबद्दल बहुतेक डिपार्टमेंटमध्ये कुणी बोलत नाही. तुम्ही अ‍ॅडमिशनच्या वेळी विचारा, फील्ड ट्रिपला राहायची, बाथरूमची काय सोय असते, बरोबर बाई शिक्षक असतात का. वडिलांनी विचारलं की उत्तर मिळतं. आणि तिला घोट्याच्या वर येणारे चांगले बूट घेऊन द्या, पहिल्या वर्षापासूनच लागतात.