पुरात भिजलेली काडतुसं वाळवून वापरली तर चालतात का?

तुम्ही विचारलंय की घरात पुराचं पाणी शिरलं, बारा बोअरच्या काडतुसांचा डबा दीड दिवस पाण्याखाली होता, आता वाळवून वापरता येतील का. खरं सांगू? त्यातली बरीचशी वाजतील. म्हणूनच वापरू नका.

आमचं शेत नदीकाठी, बीडकडे. रानडुकरांपायी अण्णांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढलेला, दुनळी बंदूक. एका सप्टेंबरात नदी घरात आली. पाणी ओसरल्यावर काडतुसांचा डबा निघाला तो गाळानं गच्च भरलेला. अण्णांनी एकेक धुतलं, फडक्यानं पुसलं आणि ताडपत्रीवर मांडलं, पापड घालावेत तसं. आई ओरडत होती, पण ऐकतंय कोण! दोन दिवसांनी दिसायला सगळी नवीकोरी.

पहिली दोन ठणठणीत वाजली. तिसऱ्याला नुसतं फुस्स. अण्णांनी बंदूक उघडली, रिकामं टरफल काढलं आणि त्याच नळीत पुढचं घालायला लागले. मी म्हटलं थांबा, आतून बघू तरी. दोन्ही नळ्या रिकाम्या करून उजेडाकडे धरल्या. एकीतून आभाळ दिसत होतं, दुसरीत काळोख. दारू आणि छर्‍यांच्या मधे असतं ते बूच नळीत मधेच अडकलं होतं. त्यावर पुढचा बार उडाला असता तर नळी फाटली असती, आणि नेमकी तिथंच अण्णांचा डावा हात असतो.

आत काय होतं ते बघा. काडतुसाची बिनधुराची दारू साखरेसारखी पाण्यात विरघळत नाही. आमच्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू वेगळी, तिच्यात शंभरात पंचाहत्तर भाग सोरा. तो पाण्यात विरघळून गेला की वाळवूनही ती पूर्वीसारखी होत नाही. १८५७ च्या त्या प्रसिद्ध काडतुसांच्या कागदाला चरबी लावायचं एक कारणही ओलच होतं. आताच्या काडतुसात कमजोर जागा दोन. एक, बुडाची टोपी, म्हणजे प्रायमर, जिच्यावर घाव बसला की दारू पेटते. दुसरी तोंडाची घडी. प्लास्टिकच्या नळीत पाणी मुरत नाही, पण त्या चुणीदार घडीतून आत उतरू शकतं. जुन्या कागदी नळीची तर बातच सोडा, ती फुगते आणि बंदुकीत शिरतच नाही.

मग थोडी दारू ओली, थोडी कोरडी, टोपी अर्धी मेलेली. अशातून अर्धवट बार निघतो. साफ मेलेलं काडतूस त्या मानानं गुणी म्हणायचं. वरून ओळखता येत नाही, हाच खरा वांधा. आणि एका डब्यातली सगळी सारखी भिजत नाहीत, त्यामुळे दोन उडवून बघून उरलेल्यांचा अंदाज बांधता येत नाही. आम्ही तोच बांधला होता.

कुणी सांगेल की फौजेची काडतुसं पाण्यात पडूनही चालतात. त्यांच्या टोपीभोवती आणि गोळीच्या सांध्यावर लाखेसारखा लेप असतो, ती ओल गृहीत धरूनच बनवतात. आपल्या दुकानातल्या काडतुसांना तसा लेप असेलच असं नाही.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडे कुणी बोलत नाही. इंग्रजांच्या फौजेला हिंदुस्थानात पावसाळ्यात कोडं पडायचं: तबेल्यात साठवलेल्या काडतुसांचं पितळ आपोआप तडकायचं. कारण निघालं घोड्यांच्या मुतातला अमोनिया. ओल्या हवेत तो ताण असलेल्या पितळेला चिरा पाडतो. १९२१ साली यावर नीट शोधनिबंध आला. म्हणजे गोठ्याला लागून असलेली खोली किंवा युरियाच्या गोण्यांची थप्पी, ही काडतुसं ठेवायची जागा नाही, मग पूर येवो न येवो. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि उंचावर, कुलपात ठेवा. रॉकेल किंवा गंज सोडवायचं तेल काडतुसाला लावू नका, ते टोपीच्या फटीतून आत जातं.

तुमच्या डब्याचं करायचं काय? तव्यावर, चुलीजवळ वाळवू नका. फोडून दारू काढू नका. विहिरीत टाकू नका, पुरू नका. परवाना बघून नग मोजा, यादी करा आणि पोलीस ठाण्यात किंवा जिथून घेतली त्या परवानाधारक दुकानदाराला आधी फोन करून विचारा, कशी आणायची ते. जमा केल्यावर पावती मागा, नाहीतर पुढच्या नूतनीकरणाला हिशेब जुळत नाही म्हणून खेटे घालावे लागतात. वाहून गेली असतील तर तेही लेखी कळवा.

आणि मधल्या काळात कुणी चाप ओढलाच व काही वाजलं नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. कधी कधी बार उशिरा उडतो.

बंदूकही पाण्यात होती का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर ती आधी कारागिराकडून साफ करून घ्या. नळीत सुकलेला गाळही अडकलेल्या बुचाइतकाच वाईट.