कपाटातल्या गोळ्या

"मॅडम, घरी सांगू नका, पण गोळ्या मी घेतच नाही. कपाटात ठेवून देते."

सातवा महिना, दुसरी खेप, हिमोग्लोबिन ८.६. गरोदरपणात ते साधारण ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं, कारण लोहाच्या गोळ्या चालू असूनही रक्त वाढत नव्हतं. मळमळ, बद्धकोष्ठता आणि शौचाला काळं होणं, या तिन्हींनी ती घाबरली होती. "एवढं काळं होतंय, बाळाला आतून काही होत नसेल ना?"

हा प्रश्न मला खूप जणी विचारतात. आतड्यात न शोषलेलं लोह बाहेर पडतं, त्याचा तो रंग. त्याने बाळाला अपाय होत नाही. शौच डांबरासारखं चिकट आणि फार घाण वासाचं असेल, तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगायचं.

एवढ्यावर तिचा चेहरा सैलावला. मग मी विचारलं, "पहिल्या वेळी गोळ्या कधीपर्यंत घेतल्या होत्या?"

"बाळ झालं आणि बंद. आता कशाला, असं वाटलं."

आणि त्यानंतरचं वर्ष? ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूहळू सांगू लागली. जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. रात्री पाय स्वस्थ राहायचे नाहीत. सारखा बर्फ चावावासा वाटायचा. बाळ रडलं की अंगावर काटा यायचा, मग स्वतःचाच राग यायचा. "मला वाटलं, मला आईपण जमतच नाही."

त्या वर्षात तिचं रक्त एकदाही तपासलं गेलं नव्हतं. सगळा त्रास लोहाच्या कमतरतेचाच होता, असं मी आज म्हणणार नाही. पण बर्फ चावण्याची ओढ, रात्री पायांची तगमग, न हटणारा थकवा ही लोह कमी असल्याची ओळखीची लक्षणं आहेत. बाळंतपणानंतरच्या उदासीशीही रक्तक्षयाचा संबंध दिसतो. तिने तो सगळा दोष स्वतःच्या स्वभावाला दिला होता, याचं मला फार वाईट वाटलं.

मी तिला एक हिशोब सांगितला. एका गरोदरपणाला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं: बाळ, वार, आईचं वाढलेलं रक्त आणि प्रसूतीतला रक्तस्राव मिळून. अनेक बायकांच्या शरीरात मुळात एवढा साठाच नसतो. पहिल्या वेळी रिकामा झालेला साठा भरला नाही, तर दुसरी खेप तिथूनच सुरू होते. ती म्हणाली, "म्हणजे गोळ्या माझ्यासाठीपण आहेत?" इतके महिने तिला सगळ्यांनी फक्त "बाळासाठी घे" एवढंच सांगितलं होतं.

गोळ्या घेत नसल्याचं डॉक्टरांना सांगायला ती तयार झाली, मी सोबत बसले. त्या रागावल्या नाहीत. गोळी बदलून दिली, एक दिवसाआड घ्यायला सांगितली. लोहाचा एक डोस घेतला की शरीर पुढचा सुमारे दिवसभर लोह कमी शोषतं, म्हणून काही जणींना हे जास्त सोसतं आणि लागूही पडतं. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीच्या वेळेजवळ नको, एवढं पथ्य. तीन आठवड्यांनी रक्त थोडंच वाढलं होतं आणि प्रसूती जवळ येत होती, तेव्हा शिरेतून लोह द्यायचं ठरलं. "सलाइन म्हणजे माझं गंभीर आहे का?" या भीतीवर पुन्हा बोललो. हातात उरलेला वेळ कमी, एवढंच त्याचं कारण होतं. क्वचित अ‍ॅलर्जी येते म्हणून दिल्यानंतर अर्धा तास तिला तिथेच बसवून ठेवलं.

जाताना तिने नवऱ्याला कॅलेंडर काढायला लावलं. बाळाच्या लसीच्या तारखेखाली स्वतःच्या रक्ततपासणीची तारीख त्याच्याकडून लिहून घेतली.

बाळ अडीच महिन्यांचं असताना ती आली. तपासणी झाली होती, साठा अजून भरायचा होता म्हणून गोळी चालू होती. "बर्फ सुटला, मॅडम," ती म्हणाली.