स्टेरॉइड (ताकद वाढवणारी औषधं) घेतल्याचा संशय असलेल्या अमेरिकन खेळाडू बॅरी बॉन्ड्सला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मानयादीत, जागा मिळावी का?

माझ्या मते हो, मिळायलाच हवी. संशय मुख्यतः 1998 नंतरच्या काळावर आहे. तोवर त्याचे 411 होमरन (बहुधा चेंडू मैदानाबाहेर टोलवणारे मोठे फटके), 445 चोरलेले बेस (फटका न बसताच धावून गाठलेले पुढचे टप्पे) आणि 3 एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू) पुरस्कार जमा होते. एवढ्यावरही निवड व्हावी. 2001 मधले 73 होमरन बाजूला ठेवा हवं तर.

अडलं कुठे? पत्रकारांची 75 टक्के मतं लागतात, संधी जास्तीत जास्त 10 वर्षं. मतदानाच्या नियमांत सचोटी आणि चारित्र्यही मोजायला सांगितलंय. 2022 मध्ये, शेवटच्या संधीला, त्याला 66 टक्केच मिळाली. त्याच वर्षी डेव्हिड ऑर्टिझ हा दुसरा खेळाडू निवडला गेला. 2003 च्या उत्तेजक द्रव्य चाचणीसंदर्भात त्याचंही नाव बातम्यांत आलं होतं. हा दुजाभाव मला पटत नाही.