बाळ उशिरा रडलं : रक्ताचा रिपोर्ट किती सांगतो?

जन्मताच न रडलेल्या, गुदमरलेल्या बाळांच्या घरून येणाऱ्या पत्रांत हल्ली ‘मार्कर’, म्हणजे इजेची खूण देणारा रक्तातला घटक, हा शब्द सारखा दिसतो. मेंदूला इजा झाली की नाही, हे रक्ताच्या थेंबावरून कळेल का, असं सगळ्यांनाच विचारायचं असतं. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

आमच्या बाळाला श्वास घ्यायला पाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी रक्तात एलडीएच (पेशींमधलं एक एन्झाइम) ७०० आलं, समोर लाल अक्षरात ‘हाय’. मेंदूला इजा झाली का? (वडील, नाशिक)

त्या लाल अक्षरावर जाऊ नका. रिपोर्टच्या शेवटच्या रकान्यात छापलेली ‘नॉर्मल रेंज’ बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते, साधारण १४० ते २८०. धडधाकट नवजात बाळाचं एलडीएचही त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतं. शिवाय टाच पिळून नमुना घेतला असेल तर लाल पेशी फुटतात आणि आकडा आणखी चढतो.

हे एन्झाइम यकृत, हृदय, स्नायू, रक्तपेशी अशा सगळ्याच ठिकाणी असतं. ऑक्सिजन कमी पडला की बाळाचं शरीर उरलंसुरलं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. यकृत, मूत्रपिंडं, आतडी यांचे हाल होतात. त्यामुळे एलडीएच खूप वाढलं तर शरीराने मार खाल्ला एवढंच कळतं. मेंदूने किती खाल्ला ते नाही. कमी आलं तर मात्र थोडा दिलासा मानायला हरकत नाही.

डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: नाळेच्या रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप) किती होता, एचआयईची, म्हणजे ऑक्सिजनअभावी मेंदूवर झालेल्या परिणामाची, कोणती स्टेज धरली, झटके आले का आणि एमआरआय कधी करणार. तो साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर केला की चित्र स्पष्ट दिसतं.

माझी बहीण न्यू जर्सीत असते. ती म्हणते, तिकडे मेंदूच्या इजेची रक्त तपासणी एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) मंजूर केली आहे. नमुना पाठवता येईल का? (आई, पुणे)

बहिणीची बातमी खरी आहे, पण ती वेगळ्या रुग्णांची आहे. एफडीएने २०१८ मध्ये मंजुरी दिली ती डोक्याला मार लागलेल्या प्रौढांसाठी. अपघातानंतर १२ तासांच्या आत रक्त घ्यायचं आणि सीटी स्कॅन टाळता येईल का ते ठरवायचं, एवढंच त्या तपासणीचं काम. त्यात दोन प्रथिनं मोजतात. जीएफएपी हे मेंदूतल्या आधारपेशींचं आणि यूसीएच-एल१ हे प्रामुख्याने चेतापेशींचं. पेशी फुटल्या की ती रक्तात उतरतात.

नवजात बाळांवरही या दोन्हींचा अभ्यास झाला आहे. गंभीर इजा झालेल्या बाळांच्या गटात सरासरी आकडे जास्त येतात, हेही दिसलं आहे. पण गटाची सरासरी वेगळी आणि तुमचं बाळ वेगळं. पुढे चांगली वाढलेली आणि न वाढलेली बाळं यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात, की अमुक आकड्याच्या वर धोका अशी सर्वमान्य रेषा अजून आखलेली नाही. नमुना पाठवलात तर आकडा येईल, पण त्याचं करायचं काय, हे तिकडचा डॉक्टरही सांगू शकणार नाही.

मी तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. असं बाळ आलं तर एनएसई, एस१००बी या मेंदूच्या इजेच्या मार्करांपैकी काय पाठवावं?

डॉक्टर, काहीही पाठवू नका, बाळाला पाठवा. कूलिंगचा, म्हणजे बाळाला थंड ठेवण्याच्या उपचाराचा, निर्णय जन्मापासून सहा तासांत व्हावा लागतो. प्रौढांच्या डोक्याच्या इजेत यूसीएच-एल१ साधारण ८ तासांनी शिखर गाठतं, जीएफएपी २० तासांनी, आणि न्यूरोफिलामेंट लाइट हे चेतातंतूंचं प्रथिन तर दिवसेंदिवस चढत राहतं. बाळांत हे गणित जसंच्या तसं लागू नाही. तरी अडचण लक्षात येईल: मार्कर बोलायला लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. एनएसई लाल पेशींतही असतं, त्यामुळे कुरिअरच्या डब्यात हेलकावे खाऊन लाल झालेल्या सीरमवर त्याला काही अर्थ उरत नाही. एस१००बी चरबीच्या पेशींतूनही येतं.

त्यापेक्षा नाळ कापतानाच दोन चिमटे लावून मधला तुकडा बाजूला ठेवा आणि शक्य तितक्या लवकर त्यातल्या रक्ताचा ब्लड गॅस (आम्लता आणि वायूंची तपासणी) करा. पीएच ७ च्या खाली किंवा बेस डेफिसिट (रक्तात आम्ल साचल्याचं माप) १६ च्या वर असेल तर मोठ्या सेंटरला फोन लावा. रवाना करण्याआधी साखर तपासा आणि बाळ तापू देऊ नका. आधीच इजा झालेल्या मेंदूला ताप फार महागात पडतो.

लंडनमध्ये माझ्या भाच्याच्या बाळाला ७२ तास थंड ठेवलं, ते बरं झालं. आमच्या नातवाला इथे ते केलं नाही. संधी हुकली का? (आजोबा, कोल्हापूर)

आजोबा, हा प्रश्न आम्हा डॉक्टरांनाही सतावतो. बाळाचं तापमान ३३.५ अंशांवर आणून तीन दिवस तिथेच ठेवायचं, ही ती पद्धत. २००५ पासूनच्या श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत तिने मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही कमी केले. म्हणून भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात केंद्रांत ४०८ बाळांवर ‘हेलिक्स’ चाचणी झाली. मुंबईचं सायन रुग्णालयही त्यात होतं. निकाल २०२१ मध्ये आला. अपंगत्व कमी झालं नाहीच, उलट थंड ठेवलेल्या बाळांत मृत्यू ४२ टक्के, न ठेवलेल्यांत ३१ टक्के. त्यामुळे नातवाचं काही हुकलं, असं मनाला लावून घेऊ नका.

असं का झालं? एक शक्यता अशी, की आपल्याकडच्या पुष्कळ बाळांचं गुदमरणं एका झटक्यात होत नाही. आईचा रक्तक्षय, पोटात न झालेली वाढ, तासन्‌तास लांबलेल्या कळा यांमुळे ऑक्सिजन थोडा-थोडा, पुन्हा-पुन्हा तुटत राहतो. इजा जन्माआधीच मुरलेली असेल तर जन्मानंतर थंड करून काय उपयोग? लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या गटाने २०२४ मध्ये बाळांच्या रक्तातल्या जनुकांच्या हालचालींची तुलना केली, तेव्हा आपल्या भागातल्या आणि युरोपातल्या बाळांत फरक सापडला.

रक्ताच्या मार्करांकडून मला खरी आशा आहे ती इथे. इजा किती, यापेक्षा ती कधी आणि कोणत्या तऱ्हेची, हे पहिल्या तासाभरात खाटेशेजारी कळलं, तर कोणत्या बाळाला थंड करायचं आणि कोणाला अजिबात नाही, हे ठरवता येईल. तोवर ज्या सेंटरमध्ये व्हेंटिलेटर, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) आणि पुरेशा नर्सेस आहेत, तिथेच निवडक बाळांना कूलिंग द्यावं, असं माझं मत आहे. बर्फाच्या पिशव्या ठेवून घाईघाईने केलेलं कूलिंग मला मान्य नाही.

डॉक्टरांनी सिझेरियनला उशीर केला, हे रक्ताच्या तपासणीतून सिद्ध होईल का?

आज नाही. नाळेचा गॅस जन्माच्या क्षणीची स्थिती सांगतो, त्याआधीच्या तासांचा हिशेब देत नाही. तुमचा राग मी समजू शकतो, पण त्यासाठी प्रसूतीच्या केसपेपरवरचे बाळाच्या ठोक्यांचे आलेख आणि पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकली त्याचा तक्ता, मागा.

टाचेतून रक्त घेऊन जी नवजात तपासणी करतात, तिच्यात हे दिसतं का? (पणजी, गोवा)

नाही. ती थायरॉइडसारख्या जन्मजात दोषांसाठी असते. ती करून घ्याच, पण तिचा याच्याशी संबंध नाही.

बाळाला घरी आणलं. दूध ओढतं, बघून हसतं, एमआरआयही ठीक आहे. आता पुन्हा तपासण्या कशाला? सासूबाई म्हणतात, उगाच दवाखान्याचे खेटे नकोत. (आई, लातूर)

सासूबाईंना सांगा, आता सुया नाहीत, रक्तही काढणार नाहीत. बाळाला चटईवर ठेवून फक्त बघायचं असतं. चौथ्या महिन्याच्या सुमारास मान धरतं का, मूठ सतत आवळलेली राहते का, एकाच हाताने खेळणं धरतं का, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे ओढले जातात का. कानांची तपासणी झाली नसेल तर तीन महिन्यांच्या आत करून घ्या. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. फिजिओथेरपी तिथे मोफत मिळते. दोन वर्षांपर्यंत ठरलेल्या तारखा चुकवू नका आणि जाताना डिस्चार्ज कार्डासोबत एमआरआयची फिल्मही न्या, नुसता टाइप केलेला रिपोर्ट नको.