ॲनिमल हाऊसचं रजिस्टर बघायला मिळतं का?

प्रश्न : माझी मुलगी सरकारी फार्मसी कॉलेजला आहे. तिथे सरकारी ग्रँटवर उंदीर आणि सशांवर प्रयोग चालतात. वर्षाला किती प्राणी आणता, पुढे त्यांचं काय होतं, एवढंच मी विचारलं तर "ते कॉन्फिडेन्शियल आहे" म्हणून वाटेला लावलं. खरंच असं असतं का हो?
– एक आई, अमरावती

उत्तर : ताई, नाही, सरसकट सगळं कॉन्फिडेन्शियल नसतं आणि पैसा सरकारी म्हणजे तुमचा-माझाच असताना असं उत्तर देणं मला अजिबात पटत नाही. प्राण्यांवर प्रयोग करायचे तर १९९८च्या नियमांप्रमाणे संस्थेला सीसीएसईएकडे, म्हणजे अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीकडे (आधी सीपीसीएसईए, बरेच जण अजून तेच म्हणतात) नोंदणी करावी लागते, आणि प्रयोग सुरू व्हायच्या आधी तो संस्थेच्या एथिक्स कमिटीपुढे जातो, तिच्यात बाहेरचा एक शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ नसलेला एक सदस्य आणि सीसीएसईएने नेमलेली व्यक्तीही असते. म्हणजे मंजुरीचा अर्ज, मीटिंगचे मिनिट्स, प्राण्यांचं रजिस्टर हे सगळं कागदावर आहेच, फक्त फायलीत पडून राहतं. युरोपियन युनियनमध्ये २०१०च्या डायरेक्टिव्हनुसार मंजूर झालेल्या प्रोजेक्टचा साध्या भाषेतला सारांश जाहीर करावा लागतो, कुठले प्राणी, किती, त्यांना काय त्रास होऊ शकतो हे सगळं त्यात येतं. आपल्याकडेही हे व्हायलाच हवं.

तोवर आरटीआय आहे. कॉलेजच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो हे लक्षात ठेवा. "प्राण्यांना का मारता" असं लिहू नका, त्याला उत्तर मिळणार नाही. थेट कागद मागा, म्हणजे अमुक दोन वर्षांच्या रजिस्टरची आणि कमिटीच्या मिनिट्सची प्रत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं किंवा नाकारलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

ते बहुतेक कलम ८(१)(घ) पुढे करतील, व्यापारी गुपित वगैरे. नव्या औषधाच्या फॉर्म्युल्याला ते लागू होईलही पण उंदीर किती आणले ह्यात कसलं गुपित? आणि एखाद्या पानावर खरंच गुपित असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून बाकीचं द्यावं लागतं, हे अपिलात नक्की लिहा. कॉलेज खासगी असतं तर हाच अर्ज ग्रँट देणाऱ्या सरकारी खात्याकडे किंवा सीसीएसईएकडे करता आला असता.

अर्ज मुलीच्या नावाने मात्र करू नका, तिला तिथेच परीक्षा द्यायच्यात. तुमच्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या नावाने करा, माहिती कशाला हवी हे सांगायची सक्ती कायद्यात नाही.